वर्षातला सगळ्यात मोठा आकडा

मंगळवारी दुपारी दोनपर्यंत टेबलावर चार पासबुकं यायची होती. आली तीन.

चौथं मेलेसियोचं, आणि मेलेसियो अंगणात आंब्याखालच्या झावळ्यांच्या मांडवात डोळे मिटून गात होता. त्याची पाळी दीडलाच संपली होती. पवित्र आठवड्यात प्रभूच्या क्रुसापर्यंतच्या दुःखाची कथा सोमवारी सकाळी गायला घेतली की गुरुवारी दुपारपर्यंत खंड पडू द्यायचा नसतो, म्हणून पाळ्या लावलेल्या असतात. आपली ओळ संपली की माणूस उठतो, आल्याचं गरम पाणी पितो, घसा शेकतो, वाटीभर खीर खातो. मेलेसियो मात्र आपली पाळी उरकून शेजारच्या म्हाताऱ्याची गात होता. ती संपली असती तर पुढच्या बाईचीही गायला असता, असा एकंदर रंग होता.

"सत्तर वर्षांत एवढी भक्ती अंगात आली नव्हती," त्याची बायको साल्वा कपांचा ट्रे टेबलावर ठेवत म्हणाली. पासबुक सापडत नाही असा त्याचा निरोप होता. हा निरोप सकाळपासून तिसऱ्यांदा येत होता.

त्याच्या मधल्या बहिणीने, प्रोसिंगने, समोरची तीन पासबुकं पुन्हा एकदा सरळ रेषेत लावली. स्टॉकटनच्या इस्पितळात चौतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, नवऱ्याला तिथल्याच मातीत ठेवलं आणि अमेरिकेचा निळा पासपोर्ट घेऊन तीन वर्षांपूर्वी ती ला उनियोनच्या या किनाऱ्यावर, आपल्या जन्मगावी, परत आली. वस्तू सरळ रेषेत लावायची इस्पितळातली सवय तेवढी हातात राहिली होती.

तिच्या समोर लॅपटॉप उघडून सिस्टो बसला होता. वीस वर्षं अमेरिकन आरमारात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. आसपासच्या सगळ्या पेन्शनवाल्यांची अमेरिकेची करविवरणं तो आपल्या ओसरीवर भरून द्यायचा. ज्याला जमेल तो डॉलर देई, नाही त्याच्याकडून तो मासे घेई. आणि तिच्या उजव्या हाताला धाकटी बहीण पर्पेतुआ, घरात पेता. निवृत्त मास्तरीण, साखळीला लावलेला चष्मा छातीवर, पाठ फळ्यासारखी ताठ.

गेल्या आठवड्यात सिस्टोच्या ओसरीवर हे सगळं सुरू झालं. फॉर्म भरता भरता त्याने नेहमीसारखं विचारलं होतं, परदेशात बँकेची खाती आहेत का. प्रोसिंगने नेहमीसारखं सांगितलं, नाही. स्टॉकटनला दर वर्षी हाच प्रश्न येई आणि ती दर वर्षी हेच उत्तर देई. पण सिस्टोची बोटं थांबली. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मानांग," तो थोरल्या बहिणीला म्हणतात तसं हळूच म्हणाला, "त्या फॉर्मवर परदेश म्हणजे हे. आपलं गाव."

तिला आधी हसू आलं, मग ते गेलं. जन्मभर ती परदेश म्हणत आली ते तिकडच्या घराला.

तुमची सही चालते अशी खाती इथे किती, असं त्याने विचारल्यावर ती बोटांवर मोजायला लागली आणि चार बोटं उघडली. एक तिचं स्वतःचं, एक पर्पेतुआचं, एक मेलेसियोचं, आणि एक गायनमंडळाचं, ज्यातून या मांडवाचा आणि खिरीचा खर्च निघतो. चारीवर तिचं नाव दुसरं होतं किंवा पहिलं, मध्ये एक 'किंवा'. हे तिने मागितलेलं नव्हतं. तातांग, म्हणजे बाप, गेला तेव्हा त्याचं खातं बँकेने गोठवलं होतं. वारसाचा कर भरल्याशिवाय एक पेसो हलणार नाही म्हणाले. बापाचे पैसे बँकेत, बाप दारात, आणि शवपेटी आणायला नानांगने, म्हणजे आईने, रेडा विकला. त्या दिवशी नानांगने ठरवलं की या घरातलं एकही खातं यापुढे एका पायावर उभं राहणार नाही. दुसरा पाय म्हणून तिने प्रोसिंगला निवडलं, कारण अमेरिकेत माणसं सहसा मरत नाहीत अशी तिची पक्की समजूत होती. त्यानंतर प्रोसिंग सुट्टीवर आली की आधी बँक, मग बापाची कबर, मग जेवण. बँकेतल्या पोरी पिवळी कार्डं पुढे सरकवत, ती सह्या करी. आत किती पैसे आहेत हे तिने कधी विचारलं नाही. दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण उचलून बघावं तसं वाटायचं.

सिस्टोने तिला तेव्हाच नीट समजावलं होतं, आणि आज पर्पेतुआसाठी पुन्हा समजावत होता. अमेरिकन माणसाची बाहेरच्या देशातली सगळी खाती मिळून वर्षातून एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्यांच्या तिजोरी खात्याला कळवावं लागतं. प्रत्येक खातं वेगळं लिहायचं, प्रत्येक वर्षाचं वेगळं, आणि त्या वर्षात खातं सगळ्यात जास्त कुठवर चढलं तो आकडा. पैसे कुणाचे ते विचारत नाहीत. सही कुणाची चालते ते विचारतात. कळवलं म्हणून कर लागत नाही. व्याज मिळालं असेल त्यावर काय तो लागेल. नुसतं सांगायचं असतं.

"आणि नाही सांगितलं तर?" पर्पेतुआने विचारलं.

चुकून राहिलं असेल तर दहा हजार डॉलरहून जास्त दंड, सिस्टो म्हणाला, आणि जाणूनबुजून लपवलं असेल तर खात्यातला निम्मा पैसाही जाऊ शकतो. प्रोसिंगने नकळत खिडकीबाहेर, नव्या घराच्या ओट्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांची कमाई त्या ओट्यात, वरच्या लाल पत्र्यात आणि टेबलावरच्या निळ्या पासबुकात होती. त्यापलीकडे काही नव्हतं.

पण वाट होती. जे लोक देशाबाहेर राहतात आणि ज्यांच्या हातून खरोखर न कळत राहिलं, त्यांच्यासाठी एक सोय होती. मागची तीन वर्षांची करविवरणं दुरुस्त करायची, सहा वर्षांची खाती कळवायची, आणि हे का राहिलं ते आपल्या शब्दांत लिहून द्यायचं. सगळं खरं असेल तर दंड माफ. एक खातं जरी गाळलं तरी माफी गेली.

पर्पेतुआने आपलं पासबुक स्वतः वाचून दाखवलं, शाळेत हजेरी घ्यावी तसं. सर्वांत मोठा आकडा एकसष्ट हजार पेसो, पेन्शनचा फरक मिळाला त्या महिन्यातला. तो सांगताना तिने मान अशी वर केली की हसायची कुणाची छाती झाली नाही. गायनमंडळाचं खातं त्याहून गरीब निघालं.

"मग एवढा घोळ कशाला?" ती म्हणाली. "सण उलटून सोमवारी बँक उघडली की सगळीकडून हिचं नाव काढू. जे झालं ते झालं. कोण बघायला बसलंय? आणि त्या चौथ्या खात्यात कोंबड्यांच्या पिसांशिवाय काय असणार?"

हे शेवटचं वाक्य तिने खिडकीकडे तोंड करून म्हटलं. सहा वर्षं झाली, पर्पेतुआ मोठ्या भावाशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण दुसऱ्याच्या तोंडून. प्रोसिंगकडे जेवताना तो हातभर अंतरावर असला तरी "मानोंगला सांग मीठ सरकव" असं साल्वाला सांगायची, आणि साल्वा निमूटपणे तेच पुन्हा म्हणायची. कारण मिठाचंच होतं. समुद्राकाठी नानांगची मीठ उकळायची जागा होती. दोन चुली, एक झोपडी, चार माड. वाटणीत ती मेलेसियोकडे आली. दोन हजार एकोणीस साली त्याने ती लाटांवर फळ्या घेऊन नाचणाऱ्यांच्या खानावळीला विकली, आणि पैसा महिनाभरात नाहीसा झाला. मेलेसियो झुंजीचे कोंबडे पाळतो हे साऱ्या गावाला माहीत होतं. पैसा कुठे गेला हे मग कुणी कुणाला सांगायची गरज उरली नाही.

सिस्टोने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"बाई, एक ऐका. मानांग आजवर 'नाही' म्हणाल्या ते अजाणता. आता त्यांना कळलंय. आजपासून 'नाही' म्हणाल्या तर ते जाणूनबुजून होईल. तसल्या कागदाला मी हात लावणार नाही."

बाहेर कथा पुढे सरकली होती. चावडीच्या अंगणात शेकोटीशी बसलेला शिष्य विचारणाऱ्यांना सांगत होता, मी त्या माणसाला ओळखत नाही. ही जागा सगळ्यांना पाठ. पुढे कोंबडा आरवतो आणि त्याला आपलं खोटं कळतं, हे लहान पोरालाही माहीत. तरी दर वर्षी तिथे आलं की मांडवातल्या बायका रुमालाने डोळे टिपतात. वाचलेली गोष्ट डोक्यात राहते. गाऊन सांगितलेली खाली उतरते, आणि एकदा उतरली की आपलीच होऊन बसते. मेलेसियोचे कोंबडे परसात आरवत होते. ते दिवसभर आरवत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. प्रोसिंगने दिलं. चौतीस वर्षं आपण एका कागदावर दर एप्रिलला काय लिहून दिलं, ते तिला एकाएकी नीट ऐकू आलं. माझं तिकडे काही नाही.

ती उठली, आल्याच्या पाण्याचा एक कप उचलला आणि परसात गेली.

मेलेसियो अखेर मांडवातून उठला होता, पण घरात यायचं टाळून कोंबड्यांपाशी उकिडवा बसला होता. एकेक कोंबडा आपल्या तिकोनी छपराखाली, पायाला दोरी. तो एकाच्या गळ्याखाली बोटाने खाजवत होता. तिने कप दिला. त्याने घेतला.

प्रत्येक वर्षाचा आकडा लागतो का, त्याने विचारलं. हो म्हणाली. एखाद्या वर्षी शून्य लिहिलं तर चालत नाही का. नाही. बरं, वर्षाच्या शेवटी किती उरले ते लिहिलं तर? वर्षाच्या शेवटी तीनशे बारा पेसो होते, त्याला पक्कं आठवत होतं.

"सगळ्यात मोठा लागतो, मानोंग. एक दिवस असला तरी."

"नऊ दिवस होता," मेलेसियो म्हणाला.

मग तो उठला, कोंबड्यांच्या मक्याचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यात कोपरापर्यंत हात घातला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक बाहेर आलं, त्याला मक्याचे दोन दाणे चिकटलेले. ते त्याने झटकून तिच्या हातात दिलं, पण आपल्या बाजूची कड सोडली नाही.

"सिस्टोला दाखव. पेताला नको."

तिने पान उघडलं. चार मार्च दोन हजार एकोणीस, जमा अठरा लाख चाळीस हजार. तेरा मार्च, बँकेचा चेक, बागियोचं इस्पितळ, अठरा लाख सदतीस हजार. त्याखाली पुन्हा नेहमीचे केविलवाणे आकडे.

तिने तारीख दोनदा वाचली. त्या मार्चमध्ये तिचा नवरा लोरेन्सो स्टॉकटनला शेवटच्या आजारात होता. त्याच मार्चमध्ये पेताच्या छातीतली गाठ वाईट निघाली होती. प्रोसिंगकडे तेव्हा पाचशे डॉलर निघाले, तेवढे तिने पाठवले आणि रडली. पुढच्या महिन्यात पेताचं पत्र आलं. इस्पितळाच्या चेकवर तुझं नाव पाहिलं, मानांग, तू मला परत जन्माला घातलंस.

"चेकवर खात्याचं नाव छापतात," मेलेसियो म्हणाला. "मेलेसियो किंवा युफ्रोसिना. तिने तुझं कागदावरचं नाव वाचलं. माझं ती कशाला वाचेल?"

"तू सांगितलं का नाहीस?"

तो खांदे उडवून कोंबड्याकडे वळला. आजार कळला तेव्हाच पेताने बजावलं होतं, मिठाची जागा विकलीस तर तुझ्या दारचं पाणी पिणार नाही, मेले तरी चालेल. मास्तरीण बोलते ते करते. मग त्याने विचार केला, पाणी नाही प्यायली तरी चालेल, जगू दे. प्रोसिंगचे पैसे ती घेते, माझे घेणार नाही. नावं दोन्ही एकाच ओळीत आहेत. देवानेच छापून ठेवल्यासारखी.

प्रोसिंग त्या पानावर बोट ठेवून दाराकडे वळली. सिस्टोच्या कानात आकडा सांगणं सोपं होतं. कागद पूर्ण झाला असता, माफी मिळाली असती, भावाचा शब्द राहिला असता. आणि पेता पुढच्या वाढदिवसाला पुन्हा परात भरून गोड भात घेऊन आली असती.

ती आत आली आणि पासबुक उघडंच टेबलावर, पेताच्या समोर ठेवलं.

पर्पेतुआने चष्मा चढवला. "अठरा लाख," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फळ्यावर खडू घासावा तसा झाला. "हेच ते. नऊ दिवसांत उडवले. छत्तीस हजार डॉलर कोंबड्यांच्या पायात बांधले, आणि आता त्यापायी हिच्या डोक्यावर दंड."

"खालची ओळ वाच."

तिने वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली. सिस्टो खुर्ची मागे सारून हळूच उठला आणि खिरीचं निमित्त काढून साल्वामागे स्वयंपाकघरात गेला.

"तेरा तारीख," पर्पेतुआ म्हणाली. "चौदाला माझं ऑपरेशन झालं."

"ते पैसे माझे नव्हते, पेता. मी पाचशे पाठवले होते." प्रोसिंग बसली. आता उरलेलं सांगितलं नसतं तर पुन्हा कधी जमलं नसतं. "आणि मला शंका आली होती. फोनवर तू म्हणालीस, एवढी मोठी रक्कम कशी उभी केलीस. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. लोरेन्सो नुकता गेला होता. त्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि तू मला म्हणत होतीस की मी तुला वाचवलं. मला ते ऐकत राहायचं होतं."

बाहेर बायकांचा स्वर चढला, उतरला. पर्पेतुआने चष्मा काढला, त्याच्या काचा रुमालाने पुसल्या आणि तो परत लावलाच नाही.

"सहा वर्षं, तू इथे नव्हतीस तेव्हाही, मी तुझ्या वाढदिवसाला नारळाच्या दुधातला भात करते," ती अखेर म्हणाली. "दोन तास ढवळावा लागतो. हात गळून पडतो."

"माहीत आहे."

"ते सहाही भात मला परत हवेत."

"करीन."

"तुला ढवळता येत नाही. तळाला लावशील." ती उठली. पासबुक छातीशी धरलं आणि मागच्या दाराने परसात गेली.

प्रोसिंग दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मेलेसियोने धाकटीला येताना पाहिलं आणि त्याचा हात मक्याच्या डब्यावर राहिला. पासबुक बघून त्याला समजलं. त्याने दारातल्या प्रोसिंगकडे एक नजर टाकली. त्यात राग होता, पण फार वेळ टिकला नाही.

"मिठाची जागा विकलीस," पर्पेतुआ म्हणाली.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"नानांग तिथे मीठ का उकळायची?" त्याने दोरीची नसलेली गाठ सोडवायला घेतली. "तुम्हा दोघींच्या शाळेसाठी. मला चौथीतून काढलं, तुम्हाला ठेवलं. जागा त्याच कामाची होती. मीही तिला त्याच कामाला लावली."

"आणि कोंबड्यांचं? सारं गाव म्हणत होतं. मी म्हणत होते. शाळेत, देवळात, सगळीकडे."

"ते बरं होतं. कोंबड्यांवर घालवले म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही."

पर्पेतुआ त्याच्याकडे बघत राहिली. मास्तरीण होती, वर्गासमोर रडायची सवय नव्हती.

"मूर्ख आहेस, मानोंग."

मेलेसियोने मान वाकडी करून स्वयंपाकघराकडे आवाज दिला. "साल्वा, बाई तुला काहीतरी निरोप देताहेत बघ. चुकून मलाच सांगून टाकला."

तेव्हा मात्र पर्पेतुआला हुंदका आणि हसू एकदमच आलं. ती तिथेच, कोंबड्यांच्या घाणीत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली बसली. मेलेसियोने आपला अर्धा प्यालेला कप तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायली. त्याच्या दारचं पाणी.

चार वाजता सिस्टोने पुन्हा लॅपटॉप उघडला. सगळे आकडे आले होते. आता उरलं होतं निवेदन, हे का राहिलं त्याचं. लोक साधारणपणे काय लिहितात, प्रोसिंगने विचारलं. नियम माहीत नव्हता, एवढंच, तो म्हणाला. पण तुमच्या शब्दांत हवं. सांगा तसं मी टाइप करतो.

तिने सुरुवात बापाच्या खात्यापासून केली. रेड्याबद्दल सांगितलं. आईने या घरातलं एकही खातं एका पायावर उभं राहू न द्यायची शपथ घेतली ते सांगितलं. सुट्टीत बँकेत नेऊन सह्या करवल्या जात ते, आणि आकडे कधी विचारले नाहीत ते. दर वर्षी ती 'नाही' म्हणत आली, कारण ही खाती तिला पैशाची वाटली नाहीत. माणसं मेली तर उपयोगी पडावीत म्हणून ठेवलेली वाटली. सन दोन हजार एकोणीसची मोठी रक्कम नऊ दिवस खात्यात होती. ती तिच्या भावाची होती, आणि त्या रकमेने तिच्या बहिणीचा जीव वाचला. हे तिला आज कळलं.

सिस्टोची बोटं थांबली. शेवटच्या दोन वाक्यांची सरकारला गरज नाही, तो म्हणाला.

"असू देत," प्रोसिंग म्हणाली. "सांगायचंच आहे तर पुरतं सांगू."

त्याने ती ठेवली. मग एक कामाची गोष्ट काढली. पुढच्या वर्षापासून हा व्याप नको असेल तर बाकीच्या तीन खात्यांवरून मानांगचं नाव काढलेलं बरं. तिचं स्वतःचं तेवढं राहील. सोमवारी बँकेत जाऊन एक अर्ज दिला की झालं.

प्रोसिंग हो म्हणाली. पण म्हणताना तिची नजर टेबलावरच्या चार पासबुकांवर गेली. चौतीस वर्षं ती तिकडे होती तेव्हा इथे तिचं एवढंच होतं, पिवळ्या कार्डांवरचं एक नाव. घर तेव्हा नव्हतं. ओटा नव्हता.

"मग माझं खातं परत एका पायावर," मेलेसियो म्हणाला. "नानांग स्वप्नात येऊन झोडपेल."

"माझं नाव घाला," पर्पेतुआ म्हणाली. ते थेट त्याला म्हणाली. "आणि तुझं माझ्यावर. मी अमेरिकन नाही. मला कुणी काही विचारणार नाही."

"तू मला विचारशील."

"मी दर महिन्याला विचारीन. आणि मक्याच्या डब्यात पासबुक ठेवायचं नाही."

मेलेसियोने सिस्टोकडे पाहिलं, हा कायदा कुठल्या सरकारचा असं विचारावं तसं. सिस्टोने खिरीच्या वाटीत तोंड घातलं.

मांडवात पाच वाजताची पाळी भावंडांची होती. दर वर्षी असायची. बाकड्यावर डावीकडे मेलेसियो, उजवीकडे पर्पेतुआ, मध्ये प्रोसिंग. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. पहिली तीन वर्षं ती इथे नसताना मध्ये एक उशी ठेवत, असं साल्वा सांगायची. ओळ एकाने म्हणायची, पुढची दुसऱ्याने उचलायची. पण त्या दोघांनी एकमेकांची ओळ कधी उचलली नव्हती, ती मधल्या कुणाकडून, हल्ली प्रोसिंगकडूनच जायची.

प्रोसिंग सवयीने मध्ये जाऊन बसली आणि जाडजूड वहीचं पान काढलं. पर्पेतुआ येऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

प्रोसिंग सरकली. बाकडं लहान होतं, तीन माणसं कधीच नीट मावत नसत. धाकटी मोठ्याच्या शेजारी टेकली, तसं प्रोसिंगचं अर्धं अंग कडेबाहेर आलं. ती उठली. तिला समोरच्या बाकावर, सिस्टोशेजारी, खिरीच्या पातेल्याजवळ जागा मिळाली. मेलेसियोने सूर लावला. अठरा लाखांइतकाच खोल आणि तेवढाच आतल्या आत ठेवलेला. पुढची ओळ पर्पेतुआने उचलली, थेट त्याच्या तोंडातून.

प्रोसिंगचं नाव खात्यांवरून जायला अजून सहा दिवस होते. जागा मात्र आजच गेली होती. प्रोसिंगने आल्याच्या पाण्याचा घोट घेतला आणि मांडीवरचा हात उघडाच ठेवून, आपली ओळ कधी येते याची वाट बघत, दोघांना ऐकत बसली.